संधी समान, पण सुरुवात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दवाखान्यात आठ-पंधरा दिवस पेढ्यांचे पुडे येत राहतात. मुले पाया पडतात, पालक टक्केवारी सांगतात, आपल्यालाही बरे वाटते. याच दिवसांत बाहेरच्या बाकावर बसलेल्या मंडळींत एक विषय हमखास निघतो. ‘डॉक्टरसाहेब, या आदिवासींना आश्रमशाळा फुकट, पुस्तके फुकट, वर राखीव जागा. तरी ही माणसे पुढे का येत नाहीत?’ विचारणारा गृहस्थ दुष्ट नसतो. तो रेल्वेत नोकरी केलेला असतो, दुकानदार असतो, कधी शिक्षकही असतो. स्वतः कष्टाने वर आलेला असतो आणि त्याला खरोखरच हा प्रश्न पडलेला असतो. प्रश्न प्रामाणिक असेल, तर उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे. मी समाजशास्त्रज्ञ नाही. माझ्याकडे वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि स्टेथोस्कोप एवढीच साधने आहेत. त्यांनी जे दिसते ते आज सांगतो.

आपल्या राज्यघटनेने समान संधीचे वचन दिले आहे. कलम १४ कायद्यापुढे सर्वांना समान मानते, तर कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देते. कलम ४६ अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची व आर्थिक हिताची विशेष काळजी घ्यायला सांगते. ही कलमे वर्तमानपत्रात वारंवार येतात. त्यांच्या लगतचे कलम ४७ मात्र फारसे कोणी वाचत नाही. लोकांचे पोषण व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे ते कलम म्हणते. शिक्षणाचे कलम आणि पोषणाचे कलम घटनाकारांनी शेजारी शेजारी ठेवले. आपण मात्र एक वाचतो आणि दुसरे वगळतो. माझ्या मते सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात याचा इशारा देऊन ठेवला होता. राजकारणात आपल्याला समता मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी, छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे काढायला मदत केली. दरवाजा उघडला तरी दारापर्यंत येणाऱ्याला दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला दिवा लागतो, हे त्या राजाला नीट कळत होते.

आता आपल्या भागाकडे वळू. कसाऱ्याला मुंबईची लोकल संपते आणि थळ घाट सुरू होतो. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींचे पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत. यांपैकी कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेली जमात आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. या पाड्यांवर जन्मलेले मूल आणि शहापूरच्या बाजारपेठेत जन्मलेले मूल घटनेच्या दृष्टीने अगदी सारखे आहे. वजनकाट्यावर मात्र ते सारखे नसते.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असेल तर आम्ही त्याला कमी वजनाचे बाळ म्हणतो. असे बाळ का जन्मते? आई सतरा-अठरा वर्षांची असते. तिचे स्वतःचे वजन चाळीस किलोच्या आत-बाहेर असते. हिमोग्लोबिन आठ-नऊ असते आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ती डोक्यावर हंडे वाहत असते. म्हणजे बाळाची शर्यत ते पोटात असतानाच सुरू झालेली असते आणि ते तेव्हाच मागे पडलेले असते. गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे साधारण एक हजार दिवस माणसाच्या आयुष्यात सर्वांत मोलाचे असतात. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के झालेला असतो. या काळात लोह, आयोडीन, प्रथिने आणि उष्मांक कमी पडले, तर त्याची पुरती भरपाई पुढे होत नाही. पहिलीत मिळालेली फुकट पाटी-पेन्सिल ते हजार दिवस परत आणू शकत नाही.

हे फक्त आमच्या डोंगरातले दुःख आहे असे समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याच पाहणीत देशभरातील अनुसूचित जमातींच्या मुलांमध्ये खुजेपणाचे प्रमाण ४०.९ टक्के होते. देशातील श्रीमंत राज्यांत आपली गणना होते, हे लक्षात घेऊन हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

‘खाण्याने अक्कल येते का?’ असे कोणी थट्टेने विचारील. त्याचे उत्तर मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात मिळाले आहे. तिथे १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतील लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय दिले. ही मुले मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली होती, त्यांची तासाची कमाई सरासरीने ४६ टक्के जास्त भरली. तीन वर्षांच्या वयानंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. दोन वर्षांच्या आत मिळालेली वाटीभर पेज तिशी-चाळिशीच्या मजुरीत उतरली. ‘लायकी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी या वाटीचा विचार करायला हवा.

आपल्याकडे ही पेज का चुकते? दिवाळी झाली, भात झोडून झाले, की पाड्यावरची घरे कुलूपबंद होतात. मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेल बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा-सात महिने अंगणवाडीतील आहार, लसीकरण, गरोदरपणातील तपासणी आणि शाळा हे सारे गावात राहते आणि माणूस भट्टीवर असतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. ठाणे जिल्ह्यात तो कायदा कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात मोठा लढा द्यावा लागला. पण उचल आणि भट्टी हे चक्र आजही फिरते आहे. ज्या मुलाचे शाळेचे निम्मे वर्ष विटांच्या थप्पीजवळ गेले, त्याला आणि वर्षभर शिकवणीला गेलेल्या मुलाला आपण एकच प्रश्नपत्रिका देतो आणि त्याला समान संधी म्हणतो.

पाण्याचेही तसेच आहे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण शहापूर तालुक्याला जशी लागू पडते, तशी क्वचितच दुसऱ्या कुठल्या तालुक्याला लागू पडत असेल. तानसा धरण १८९२ मध्ये बांधून झाले. पुढे भातसा आले आणि आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी भातसातूनच जाते. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डॉक्टर म्हणून मला या टंचाईची दुसरी बाजू दिसते. तळ गाठलेल्या विहिरीतले पाणी म्हणजे जुलाब, जुलाब म्हणजे वजनात घट, आणि वजन घटलेले मूल पुढच्या तापाला लवकर बळी पडते. शिवाय हंडा वाहायला जाते ती घरातली मुलगी. तिची शाळा बुडते ती पाण्यात नव्हे, तर पाण्यावाचून.

आता शाळेत पोहोचलेल्या मुलाकडे पाहू. ‘हा मठ्ठ आहे’ असा शेरा घेऊन पुष्कळ मुले माझ्याकडे येतात. तपासले तर काय आढळते? एकाचा कान दोन वर्षे वाहतो आहे आणि पडद्याला छिद्र आहे. गुरुजींचे निम्मे बोलणे त्याला ऐकूच येत नाही. दुसरीला चष्म्याचा नंबर आहे. फळा तिच्यासाठी केवळ एक काळा चौकोन आहे. तिसऱ्याच्या पोटात जंत आहेत, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक आहेत, तो दुपारनंतर पेंगतो. तालुक्याच्या गावातील मुलाला हेच त्रास झाले, तर आई आठवड्याभरात त्याला डॉक्टरकडे नेते. पाड्यावरच्या मुलाचा तोच आजार त्याचा स्वभाव ठरतो आणि पुढे त्याच्या जातीचा स्वभाव ठरतो.

असे पूर्वी मोठ्या देशांतही घडले आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब खेडूत आळशी आणि मंदबुद्धीचे आहेत, असा त्या देशात सर्रास समज होता. चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने १९०२ च्या सुमारास दाखवून दिले की यांतील असंख्य लोकांच्या आतड्यांत अंकुशकृमी आहेत आणि ते रक्त शोषत आहेत. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी दिलेल्या दहा लाख डॉलरमधून मोहीम निघाली. तपासणीत शाळकरी वयाची सुमारे चाळीस टक्के मुले बाधित आढळली. औषध दिले, संडास बांधायला शिकवले आणि ज्या भागांत रोग जास्त होता तिथे मुलांची शाळेतील हजेरी वाढली. पिढ्यान्‌पिढ्यांचा ‘स्वभाव’ जंताच्या औषधाने बदलू लागला. आपल्याकडेही फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांतून जंताची गोळी दिली जाते. ती गोळी म्हणजे औषध तर आहेच, पण समान संधीचा एक छोटासा हप्ताही आहे.

आणि आता माझ्याच व्यवसायाचे बोलतो. आमच्या वेळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. आज नीट ही परीक्षा आहे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते हे खरे. पण तिची तयारी करून घेणारे वर्ग नाशिक, ठाणे, लातूर अशा शहरांत असतात आणि त्यांची फी एखाद्या पाड्यावरच्या चार-पाच कुटुंबांच्या वर्षभराच्या मजुरीएवढी सहज होते. तामिळनाडूने हे ओळखून २०२० मध्ये कायदा केला आणि सरकारी शाळांत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. आपल्याकडेही यावर विचार व्हायला हरकत नाही. राखीव जागेचा लाभ घ्यायलाही आधी जातीचा दाखला लागतो, आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पासूनचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्या कातकऱ्याच्या आजोबांकडे स्वतःच्या झोपडीखालची जमीनही नव्हती, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने अशा असुरक्षित जमातींसाठी ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. तिच्या शिबिरांतून आधी आधार कार्ड, दाखले यांसारखे साधे कागद द्यावे लागले, यातच सर्व काही आले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते टाळणे योग्य नाही. पहिला, ‘ही माणसे दारू पितात, मुलींची लग्ने लवकर करतात, आजारपणात आधी भगताकडे जातात.’ यात तथ्य आहे. मी स्वतः अशा पालकांना खडसावतो आणि पुढेही खडसावीन. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे आणि तिच्या जिवाला धोकाही आहे. पण दारू पिणारे बाप पांढरपेशा वस्तीतही मला ठाऊक आहेत. फरक इतकाच, की तिथे बाप प्यायला तरी मुलाची शिकवणी बुडत नाही. शिवाय बापाच्या चुकीची शिक्षा मुलाच्या मेंदूला द्यायची, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप असा, की ‘गरीब इतर जातींतही आहेत.’ अवश्य आहेत. कुपोषित मूल कोणत्याही जातीचे असो, त्याला पेज मिळालीच पाहिजे. पाण्याचे, पोषणाचे, डोळे-कान तपासण्याचे काम केले तर त्याचा लाभ त्या प्रत्येक गरीब घराला मिळतो. हा वाटा कुणाच्या ताटातून काढून घ्यावा लागत नाही.

निराश व्हावे असेही नाही. १९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे बालमृत्यू झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर बरेच काही बदलले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरासाठीची सुरुवात पालघरमधून झाली. ते गाव तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. त्याची पथके शाळा आणि अंगणवाड्यांत येऊन मुलांना फुकट तपासतात. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई डोंगर चढून वजने घेतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई अंतर आठ तासांवर आले. डोंगर पोखरून एवढा मोठा रस्ता करता येतो, तर ज्या पाड्यावरून आजही बाळंतिणीला झोळीत घालून आणावे लागते, तिथपर्यंत दोन-तीन किलोमीटरचा रस्ता करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

हा आरोग्याचा स्तंभ आहे, म्हणून करण्याजोग्या काही गोष्टी सांगतो.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, पण ते पातळ पाण्यासारखे नसावे. बाळाचे पोट लहान. पातळ पेजेने ते भरते, पण ताकद येत नाही. घट्ट नागलीची पेज, मऊ डाळभात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, शक्य असेल तर अंडे किंवा भाजून कुटलेली सुकट असे दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या एकशे ऐंशी दिवस रोज घ्याव्यात. त्यांच्याबरोबर चहा नको, लिंबू चालेल. टाकळा, शेवग्याचा पाला, चवळी, शेंगदाणे आणि गूळ हे आपल्या दारातले अन्न आहे, त्याला कमी लेखू नये.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण होय. मूल खेळत असले तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. शिक्षकांनी एखाद्या मुलाला मागच्या बाकावर पाठवण्यापूर्वी त्याला फळा दिसतो का आणि हाक ऐकू येते का, एवढे पाहावे. वाहत्या कानात तेल घालू नये. तो कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावा. ज्यांच्या वीटभट्ट्या आहेत, त्यांनी जवळच्या अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची नावे कळवावीत. एवढ्याने विटांचा भाव वाढत नाही. आणि ज्यांच्या घरी किंवा हॉटेलात पाड्यावरची लहान मुलगी वा मुलगा कामाला आहे, त्यांनी लक्षात ठेवावे, की २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. ‘आम्ही तिला घरच्यासारखी ठेवतो’ असे सांगण्यापूर्वी आपली मुलगी त्या वेळी कुठे असते, याचा विचार करावा.

ग्रामसभेत रस्ता, गटार, समाजमंदिर यांवर तासन्‌तास चर्चा होते. येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारून पाहा: आपल्या गावात आणि पाड्यांवर कमी वजनाची मुले किती, त्यांपैकी भट्टीवर गेलेली किती, आणि त्यांचा आहार कोण पोहोचवतो? आकडा अंगणवाडी सेविकेच्या वहीत असतो. विचारणारा मात्र कोणी नसतो. तो आकडा दर तीन महिन्यांनी खाली येऊ लागला, तर दहा-पंधरा वर्षांनी निकालाच्या दिवसांत पेढे घेऊन येणाऱ्यांत पाड्यावरची मुलेही दिसतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.